गावभर एकच कोट

आमच्या बाहेरच्या खोलीत पाच वर्षं माझ्या नवऱ्याचा एक फोटो लावलेला होता. त्यात त्याचं डोकं त्याच्या मानेवर नीट बसलेलं नव्हतं. डोकं त्याचंच होतं. मान त्याची, खांदे त्याचे, निळा कोट त्याचा, गुडघ्यांवर ठेवलेले दोन्ही हातही त्याचेच. तरी बसलेलं नव्हतं. येणारे-जाणारे हात जोडायचे, अगदी समोर बसल्यासारखे दिसतात म्हणायचे. मला मात्र आधी ती मान दिसायची. हे असं का झालं ते सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगावा लागेल. आणि एक, बोलताना मी त्याला जन्मभर 'आवं' म्हटलं, पण लिहिताना 'तो' म्हणणार आहे. आता काही तो रागवायला येत नाही.

केजला, तहसील कचेरीच्या रस्त्याला आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, अर्ज भरून देणं, सगळी कामं करतो. पण दुकानाचं नाव झालं ते मेलेल्या माणसांच्या फोटोंनी. आमच्याकडची जुनी माणसं जिवंतपणी फोटो काढायला फारशी येत नाहीत. मेल्यावर मात्र फार घाई होते. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे असतो. मग घरचे लोक हाताला लागेल ते घेऊन येतात. रेशन कार्ड, मतदानाचं कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत घास तोंडात घेतलेला म्हातारा. त्यातलं डोकं कापून घ्यायचं आणि तयार कोटावर बसवायचं. डोकं आणि मान जिथे जुळते तिथली रेघ अलगद पुसून टाकायची. आमच्या दुकानात याला मान पुसणं म्हणायचे, आणि माझा नवरा त्यात पटाईत होता. जन्मभर बंडी-धोतरात वावरलेला माणूस तेराव्याला भिंतीवर साहेब होऊन बसायचा, आणि घरच्यांना ते फार आवडायचं.

ते तयार कोट सुरुवातीला एका सीडीवर यायचे. शहरातल्या कुणाकुणाची अंगं, डोकी नसलेली. त्यांची अडचण एकच, हात. हात गोरे, नखं कापलेली, बोटं भेंडीसारखी. त्यावर आमच्याकडचं उन्हात रापलेलं डोकं बसवलं की कुठूनही बघा, फसवणूक कळायची. एकदा एक बाई फोटो घेऊन परत आली. काउंटरवर फोटो ठेवला आणि म्हणाली, "डोस्कं आमच्या मालकाचं हाय, पर हे हात कुणाचे लावलेत तुमी? ह्या हातानं त्यांनी कवा औत धरलं?"

नवऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी भावाच्या लग्नात शिवलेला निळा कोट घालून तो स्टुडिओतल्या स्टुलावर बसला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. अंग आपल्याकडचंच पाहिजे, म्हणाला.

मला तोवर कॅमेऱ्याला हात लावायची मुभा नव्हती. कोटाचं तिसरं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. थांबा, टाका घालते, असं मी म्हटलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. मेलेल्या मानसाचं बटण कोण बघायलंय." त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. डाव्या हाताची करंगळी लहानपणी बैलगाडीखाली सापडून वाकडी झालेली होती, ती बाकीच्या बोटांना सोडून बाहेर राहिली. मी कॅमेऱ्यातून बघायला लागले, एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटायला लागले, आणि ते बघून तो हसायला लागला. मी चिडले. मी पटकन चिडते, आणि चिडले की काय बोलते ते माझं मला कळत नाही. म्हणाले, "हसताय काय? मेलेल्या मानसाचा फोटो हाय. मेल्यावानी बसा की जरा!"

त्यावर त्याचे डोळे बारीक झाले, दात दिसले, आणि त्याच वेळी माझं बोट दाबलं गेलं.

फोटो संगणकावर आला तेव्हा मीच बघत राहिले. दिवसभर गिऱ्हाइकांना 'जरा हसा' म्हणणारा हा माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर आला की खांबासारखा व्हायचा. लग्नाच्या अल्बमात बघा, मोबाइलमधले बघा, सगळीकडे तोंड मिटलेलं. हा एकच फोटो होता ज्यात तो घरी दिसतो तसा दिसत होता. मी म्हटलं, "ह्यो आसाच ठिवा. अंगासाठी दुसरा काढू." तो म्हणाला, "कावून? आपल्याला अंगच तर पायजे." आणि माउसनं वरून डोकं पुसायला सुरुवात केली. आधी केस गेले, मग कपाळ, मग डोळे. तोंड सगळ्यात शेवटी गेलं. "आवं, मूळचा तरी येगळा ठिवा की!" मी म्हटलं. "मला माझं तोंड कशाला लागतंय? रोज आरशात बघायलोच की," असं म्हणत त्यानं त्याच फायलीवर सेव्ह केलं.

गिऱ्हाइकाच्या फोटोबाबत ही चूक त्यानं कधी केली नसती. मूळ फोटो वेगळा ठेवायचा आणि नकलेवर काम करायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. ते त्यानं मला पुढे दहा वेळा शिकवलं. स्वतःच्या फोटोपुरतं तेवढं विसरला.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, त्या दिवशी डबा घेऊन दुकानात आल्या आणि त्यांना पडद्यावर कोट घातलेला, डोकं नसलेला आपला मुलगा दिसला. कोट त्यांनी ओळखला, करंगळी ओळखली. "आरं, जित्या मानसाचं मुंडकं कावून काढलंस?" म्हणून ओरडल्या. तो हसत बसला. आत्याबाई घरी जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन परत आल्या, त्याच्यावरून ओवाळल्या, मग जरा विचार करून संगणकावरूनही ओवाळल्या. त्या दिवशी मीही हसले होते. तोंडाला पदर लावून पोटभर हसले होते.

मग तो कोट चालायला लागला. हात आमच्याकडचे होते, रंग आमच्याकडचा होता, डोकं कुठलंही बसवा, शोभायचं. दुसरे स्टुडिओवाले पेनड्राइव्ह घेऊन यायचे आणि ते अंग मागून न्यायचे. तो कुणालाही नाही म्हणायचा नाही. असं होत होत ते अंग पार गेवराईपर्यंत गेलं. तो संध्याकाळी घरी आला की मी विचारायचे, "आज किती येळा मेलात?" तो चप्पल काढता काढता सांगायचा, "दोनदा. एकदा तर सरपंच म्हणून." आत्याबाई आतून शिव्या द्यायच्या. आमचं हे रोजचं झालं होतं. आज त्यातला एकेक शब्द आठवला की जीभ चावावीशी वाटते.

पाच वर्षांपूर्वी भर दुपारी दुकानातच त्याच्या छातीत कळ आली. जीपमधून अंबाजोगाईला नेताना डोकं माझ्या मांडीवर होतं. मी एकसारखी रस्त्याकडे बघत होते, अजून किती राहिलं ते बघत होते. त्याच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं.

तेराव्याच्या फोटोसाठी माझा दीर चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेला, कारण मी आमच्या दुकानाचं शटर उघडायला तयार नव्हते. तिथल्या माणसानं आधार कार्डावरचा चेहरा घेतला, मिटल्या तोंडाचा, आणि त्याच्याकडे जो चांगला कोट होता त्यावर बसवला. ते अंग कुणाचं आहे हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं डोकं थोडं मोठं घेतलं. कोटावरचा उजेड एका बाजूनं होता, चेहऱ्यावरचा दुसऱ्या बाजूनं. जुळेना म्हणून त्यानं मान पुसली. फोटो घरी आला तेव्हा आत्याबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण घर माणसांनी भरलेलं होतं.

चार महिन्यांनी मी दुकान उघडलं. नवीन संगणक होता, काम येत होतं, आणि त्यात तो कोट होताच. लोक यायचे, म्हणायचे, आमच्या आप्पाला तसाच कोट घाला. मी घालत गेले. नवऱ्याच्या खांद्यांवर मी स्वतःच्या हातानं लोकांची डोकी बसवत गेले, मान पुसत गेले. दुसरं कोणतं अंग वापरता आलं नसतं का? आलं असतं. पण त्या निमित्तानं ते लोंबणारं बटण, ती करंगळी रोज समोर यायची, आणि मला ते पाहिजे होतं.

त्याची शिक्षा मला दुसऱ्या वर्षी मिळाली. एका सकाळी पूजा करताना डोळे मिटले, त्याला आठवावं म्हटलं, तर कोट आला, बटण आलं, करंगळी आली, आणि वर आदल्या दिवशी मीच बसवलेला एक मुकादम. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. आता एक मास्तर. कितीही प्रयत्न केला तरी त्याचा चेहरा येईना. आला तर तो आधार कार्डावरचा, जो त्याचा कधी नव्हताच. जीपमध्ये डोकं मांडीवर असताना जशी भीती वाटली नव्हती तशी भीती मला तेव्हा वाटली. माणूस गेला होता, आता मी त्याचं तोंडही विसरत होते, आणि त्याच्या जागेवर गावचे मयत येऊन बसत होते.

मग यंदा नांदूरघाटला एका नात्यातल्या बारशाला गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले आणि समोरच्या भिंतीवर बघितलं तर दोन फोटो शेजारी शेजारी, दोन्हींना हार. एकात फेटेवाला म्हातारा, एकात मिशीवाला तरुण. अंग दोघांचं एकच. दोन निळे कोट, दोन लोंबणारी बटणं, दोन वाकड्या करंगळ्या. घरची बाई चहा घेऊन आली, मी फोटोकडे बघते आहे हे बघून म्हणाली, "आमचे मामंजी आन धाकले दीर. मामंजीनी जन्मात कोट घातला न्हाई बघा. मरून सायेब झाले."

मला गप्प बसवेना. म्हटलं, "हात चांगले आलेत फोटोत."

"मग! त्यांचेच हायत की. हात आसेच हुते मामंजीचे."

"आन ती करंगळी?"

ती जवळ जाऊन बघून आली. "हां, ती जरा वाकडीच हुती त्यांची. ल्हानपणी काय तरी झालतं म्हनं."

ती खोटं बोलत नव्हती. रोज हार घालून, अगरबत्ती ओवाळून त्या घरानं ते हात आपले करून घेतले होते. मी चहा तसाच ठेवला आणि मिळेल त्या जीपनं केजला परत आले. वाटेत मला एकच गोष्ट सुचत होती. त्याचं हसणारं तोंड मला परत पाहिजे होतं. अंग लोकांनी वाटून घेतलं तर घेऊ देत. तोंड माझं होतं, आणि ते पुसलं गेलं होतं ज्या संगणकावर, तो अजून दुकानाच्या कोपऱ्यात पडून होता.

तो जुना संगणक कधीचाच बंद झाला होता. चालू केला की काळा पडदा, दोन ओळी, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसभर चालू-बंद होत राहायचा. भंगारवाल्यानं दोनदा विचारून झालं होतं. गिऱ्हाइकं त्याच्यावर हेल्मेट ठेवायची. मी भाईंना बोलावलं. भाई म्हणजे माझ्या नवऱ्याचे दोस्त, आधी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे, आता मोबाइल आणि संगणक करतात. त्यांनी डबा उघडला, आतली धूळ ब्रशनं झाडली, मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासून परत बसवली आणि म्हणाले, "भाभी, मशीन मेलेली न्हाई. हिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर मेलंय. मशीन बिचारी इमानदार हाय."

मग त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स नावाची, मशीन चालवणारी सिस्टिम होती, हलकीफुलकी, जुन्या मशीनसाठी केलेली. मी नाव ऐकून होते, बघितलं नव्हतं. भाई म्हणाले, "ही डिस्कवर घर करीत न्हाई. पेनड्राइव्हवरून येती, मेमरीत बसती, तुमचं काम करती. बंद केलं की गेली. डिस्कला हात बी लावत न्हाई." मशीनमध्ये मेमरी एक जीबी. आजच्या मोबाइलमध्येही त्याच्या चौपट असते. मला काही आशा नव्हती. पंखा घुरघुरला, पडद्यावरून पांढऱ्या ओळी धावल्या, आणि मिनिटाभरात एक साधा निळा पडदा उघडला. खाली चार चित्रं, घड्याळ, आणि कोपऱ्यात आमची जुनी डिस्क. पाच वर्षं मेलेलं समजलेलं मशीन माउसच्या पहिल्या हालचालीला लगेच हललं.

घड्याळाकडे बघितलं तर तारीख एक जानेवारी, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. भाई म्हणाले, आतला सेल संपलाय, म्हणून प्रत्येक वेळी मशीन त्याच तारखेला उठतं, नवा सेल टाकतो. मी नको म्हटलं. त्या तारखेला नवरा जिवंत होता. तहसीलच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, कुठेतरी उभा होता. मशीनला अजून काही कळलेलं नव्हतं, आणि मला ते कळवायची घाई नव्हती. भाईंनी माझ्याकडे बघितलं आणि सेल परत खिशात टाकला.

डिस्क उघडली. त्याच्या हातची नावं दिसायला लागली: 'पत्रिका जुन्या', 'फ्लेक्स', 'मयत'. 'मयत'मध्ये 'कोट' नावाची फाइल, त्यात ते डोकं नसलेलं अंग. मी भाईंना सगळं सांगितलं, फोटो कसा काढला, डोकं कसं पुसलं, त्याच फायलीवर सेव्ह कसं झालं. मेल्यावानी बसा म्हणाले तेही सांगितलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. भाईंनी पडद्यावरचं ते अंग बंद केलं. मग म्हणाले, "सेव्ह केलं म्हंजे जुनं लगेच जात न्हाई, भाभी. त्याचं नाव जातं. ते आपल्या जागेवर पडून ऱ्हातं, त्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत. शोधायचा प्रोग्राम हिच्यात हाय. फकत एक. डिस्कवर काय बी लिहायचं न्हाई. चुकून बी न्हाई. जे सापडंल ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर."

माझ्या हातांना त्या दिवसांत मी फार जपलं. दहा वर्षांची सवय, दर दोन मिनिटांनी बोटं आपोआप सेव्हकडे जायची. मी डावा हात पदराखाली धरून बसायचे. दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा मी ती सिस्टिम शिकले. फायली कुठे असतात, डिस्क फक्त बघण्यापुरती कशी उघडायची, बंद करताना ती काय विचारते. ती खरंच कमी खाणारी, कमी बोलणारी होती. एका वेळी एकच काम सांगितलं की नीट करायची, दोन सांगितली की थबकायची. मला तिचा स्वभाव आवडला.

शोध चालू केला आणि पहिल्या दिवशी अर्ध्यावर लाइट गेली. मेमरीत बसलेलं सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मी एमएसईबीच्या नावानं जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तिसऱ्या दिवशी भाईंनी त्यांच्या दुकानातला इन्व्हर्टर आणून लावला. संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्ह भरला. सापडलेल्या फायलींना नावं नव्हती, नुसते लांबलचक आकडे. हजारो होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एकटीच बसून मी ते उघडायला सुरुवात केली. मशीन हळू, त्यामुळे फोटो एकदम दिसायचे नाहीत. आधी रिकामे चौकोन यायचे, मग एकेका चौकोनात माणूस यायचा. पहिल्या ओळीत चार निळे कोट आले. दुसऱ्या ओळीत सहा. मी खाली सरकत गेले तसे ते येत गेले. टोपीवाले, फेटेवाले, टकलावाले, चष्मेवाले, एक तर वीस वर्षांचा. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. सगळ्यांची करंगळी वाकडी. कित्येकांना मी ओळखत होते, कित्येकांची मान मीच पुसलेली होती. पंखा घुरघुरत होता, बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता, आणि माझा नवरा ओळीनं बसून वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे बघत होता. मी एकदा मोठ्यानं त्याला हाक मारली. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं झालं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काही चौकोन रिकामेच राहिले. त्या फायली खराब होत्या. त्या मी एकेक उघडून बघायला लागले. काहीत नुसते पट्टे, काहीत अर्धी लग्नपत्रिका. मग एक उघडली आणि पडद्यावर वरून खाली चित्र उतरायला लागलं. आमच्या स्टुडिओचा पडदा, त्याची चुण्या पडलेली वरची कड. मग केस. मग कपाळ, त्यावरचा तो कांजण्यांचा व्रण, जो मी पार विसरले होते. मग डोळे, बारीक झालेले. मग दात.

तो हसत होता. माझ्याकडे बघून हसत होता, मी चिडले म्हणून हसत होता. मी पडद्याला हात लावला. हनुवटी आली, कॉलरची एक कड आली, आणि तिथे चित्र थांबलं. खाली सगळं करडं. कोट नाही, बटण नाही, हात नाहीत. मी भाईंना फोन केला. ते म्हणाले, "वरची जागा ऱ्हायली, भाभी. खालच्या जागेवर दुसरं कुणीतरी येऊन बसलं." कोण बसलं असेल ते मला सांगावं लागलं नाही. आमच्याकडे येऊन बसणारे सगळे तेच, कोटातले मयत.

पण अंग तर माझ्याकडे होतं. 'कोट' नावाची फाइल होती. मी दोन्ही त्या सिस्टिमवरच उघडल्या, मेमरीतल्या मेमरीत, आणि डोकं उचलून मानेवर ठेवलं. आजवर इतकी डोकी बसवली, प्रत्येक वेळी लहान-मोठं करावं लागलं, वाकवावं लागलं, मान पुसावी लागली. हे डोकं ठेवल्या ठेवल्या बसलं. केसाइतकाही फरक नव्हता. उजेड तोच, रंग तोच, मान तीच. मी हात मागे घेतले आणि आनंद व्हायची वाट बघत बसले.

तो झाला नाही. माझी नजर डोळ्यांवर ठरेना, ती मानेवर जायची, नसलेली रेघ शोधायची. मग बटणावर, मग करंगळीवर. ते अंग बघितलं की मला नांदूरघाटचे मामंजी दिसत होते, मुकादम दिसत होता. त्यांच्यावर आणखी एक डोकं बसवलंय, आज कुणाचं तरी तेरावं आहे, असंच वाटत होतं. माझ्या नवऱ्याचं हसू त्या कोटावर उसनं दिसत होतं. मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा, माझा, त्या कोटाचा.

मी सिस्टिम बंद करायला लावली. बंद होताना ती नेहमीप्रमाणे थांबली आणि विचारलं, आजचं काम ठेवायचं की सोडून द्यायचं. दोन बटणं. त्याला त्या दिवशी असं कुणी विचारलं असतं तर, हे मनात आलंच. मी सोडून द्यायचं म्हटलं. पडदा काळा झाला आणि तो जोडलेला माणूस गेला. पेनड्राइव्हवर त्याचं तेवढं डोकं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो होता तसा छापला. वर हसणारं तोंड, खाली करडं. घरी आणला, भिंतीवरचा जुना फोटो काढला आणि हा आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हसायलाय," त्या म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई."

त्यांनी बोटं खाली आणली, करड्या भागावर इकडून तिकडे फिरवली, खांदे असतात तिथे, हात असतात तिथे. मी काय सांगावं याचा विचार करत होते. पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

"कोट काढून ठिवलास व्हय रं बाबा?" त्या फोटोला म्हणाल्या. "बरं केलंस. लई दिस घातलतास."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि डोळे मिटले. कोट आला नाही. तोच आला, डोळे बारीक करून, दात काढून. माझ्याकडे बघून हसत होता, आणि या खेपेला मी त्याला काहीच बोलले नाही.